नजरेला नजर



जनावराच्या डोळ्यांत बघावं का?
ते जनावर कोणतं, यावर ठरतं.

घरचा कुत्रा घ्या.
हातात भाकरीचा तुकडा असला, तरी तो मधूनमधून तुमच्या डोळ्यांत बघतो.
नुसता हावरटपणा नाही हो हा!
जपानी संशोधकांनी 2015 साली एक गोष्ट दाखवून दिली.
कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ बघत राहिले,
की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं.
आई आणि तान्ह्या बाळाच्या जिव्हाळ्यातलं हेच ते संप्रेरक.
माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांत मात्र हे दिसलं नाही.

आता देवळाच्या पायरीवरचं लाल तोंडाचं माकड.
रोखून बघणं म्हणजे त्याच्या लेखी भांडण उकरून काढणं.
ते भुवया ताणतं, तोंड वासतं.
हा इशारा असतो.
म्हणून माकडाशी नजर भिडवू नका.
हातातली पिशवी सांभाळा, आणि पुढे चला.

वाघ बहुधा मागून झडप घालतो.
सुंदरबनात जंगलात जाणारे लोक 1980च्या दशकात
डोक्याच्या मागे माणसाचे मुखवटे बांधू लागले.
वाघाला वाटावं, हा आपल्याकडेच बघतोय!
काही काळ ही युक्ती चालली.

आपल्याकडे जुन्नरच्या उसात बिबट्या असतो.
तो समोर आला, तर पाठ फिरवून पळू नका.
खाली वाकू नका, बसू नका.
पुन्हा सांगते, माकडाशी नजर नको, आणि बिबट्याला पाठ नको.
लहान मूल बरोबर असेल, तर त्याला उचलून घ्या.
मग ताठ उभं राहून, हळूहळू मागे सरका.