मातीतला कोष

रताळ्याचा वाफा खणताना कधी बोटाएवढा, तांबूस-तपकिरी, चकचकीत कोष हाती लागतो. हलकेच दाबला की निमुळतं टोक वळवळतं. म्हणजे आत पतंग जिवंत आहे. आता डोक्याकडची बाजू पाहा. तिथं कपाच्या कानासारखी वळलेली नळी दिसली, तर तो रताळ्याच्या पानांवर पोसलेल्या हॉक मॉथचा. त्या नळीत त्याची लांबलचक सोंड घडत असते.

हरभऱ्याच्या रानात नळी नसलेला, जेमतेम पाऊण इंची कोष सापडला, तर संशय घाटेअळीवर. उन्हाळी नांगरट तिच्या बंदोबस्तासाठीही करतात: कोष उघडे पडतात, काही उन्हानं मरतात, बाकीचे पाखरं टिपतात.

हॉक मॉथचा कोष मात्र ओलसर मातीच्या बरणीत ठेवून पाहाच. आत काडी उभी करा. पंख पसरायला पतंगाला तिच्यावर चढून लटकावं लागतं.