न मागता लाभलेली सुट्टी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे शब्दांकन)



व्यापाऱ्याच्या घरात सुट्टी ही दुर्मीळ वस्तू होय. पुणे-बेंगळुरू महामार्गावर सातारा व कराड यांच्या दरम्यान वसलेल्या उंब्रजच्या बाजारपेठेत आसपासच्या खेड्यांतील गिऱ्हाइकांची वर्दळ सकाळपासूनच सुरू होते. येथील एका ज्येष्ठ कापड व्यापाऱ्याचा दिनक्रम चाळीस वर्षे ठरलेला होता. सकाळी दुकान उघडावे, रात्री गल्ला मोजून व रोजमेळ लिहून घरी यावे, आणि दुकान बंद असेल त्या दिवशी माल पाहण्यासाठी इचलकरंजी गाठावी. घर त्यांनी स्वतः बांधले. परंतु त्या घरातील दुपार मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती.

दि. २२ मार्च २०२० रोजी, रविवारी, देशभर जनता कर्फ्यू पाळण्यात आला. सकाळी ७ ते रात्री ९ पर्यंत घराबाहेर पडू नये, असे आवाहन पंतप्रधानांनी तीन दिवस आधी केले होते. लग्नसराईचा माल नुकताच उतरला होता. त्यातील बराचसा उधारीवर घेतलेला. गठ्ठे अद्याप सुटलेही नव्हते. अशा दिवसांतील एक रविवार बुडणार म्हणून त्यांचे चित्त अस्वस्थ होते. सकाळी दोनदा ते चपला घालून दारापर्यंत गेले आणि परतले.

दुपारी त्यांची चाहूल लागताच दृष्टी मंदावलेल्या वृद्ध मातोश्रींनी विचारले, "अजून दुकानात गेला नाहीस? बरं वाटत नाही का रे?"

प्रश्न साधाच होता. परंतु कर्ता पुत्र दुपारी घरी असणे म्हणजे आजारपण, एवढाच अर्थ त्या माउलीस ठाऊक होता, हे त्यांना त्या क्षणी उमगले. "बरं आहे, आई," एवढेच बोलून ते शेजारी बसले. मातोश्रींची सामायिकाची वेळ झाली होती. दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, त्यांनीही आसन घातले. आरंभी उधारीचे आकडे डोळ्यांपुढे नाचत राहिले. हळूहळू तेही मागे पडले.

पुढे नातवाने कपाटातला जुना गज शोधून काढला. छत्तीस इंचांच्या त्या गजाने आजोबा-नातवांनी सारे घर मोजले. सायंकाळी पाचला वैद्यकीय सेवकांप्रती कृतज्ञता म्हणून थाळ्या वाजल्या, आणि त्याच थाळ्या पुढे घेऊन सूर्यास्तापूर्वी सारे कुटुंब एकत्र भोजनास बसले. एरवी त्यांचे संध्याकाळचे जेवण डब्यातून दुकानी जात असे. सुनेच्या हातची गरम भाकरी तव्यावरून थेट पानात पडण्याचा आनंद त्यांनी प्रथमच घेतला.

तो एक दिवस पुढे लांबला. २५ मार्चचा गुढीपाडवा, ६ एप्रिलचे महावीर जन्मकल्याणक आणि २६ एप्रिलची अक्षय्य तृतीया, तिन्ही घरातच पार पडली. मुहूर्त गेले, लग्ने लांबली, गठ्ठे तसेच राहिले. ज्यांचे पोट हातावर होते, अशा असंख्य मजुरांना तर ही सुट्टी नव्हे, संकटच होते; देशातील महामार्गांवरून ते पायी गावाकडे निघाले. याचे भान ठेवूनच त्या व्यापाऱ्याने दुकानातील नोकरांचा पगार थांबवला नाही आणि खेड्यांतील येण्यासाठी तगादा लावला नाही.

श्रावकाच्या बारा व्रतांत देशावकाशिक व्रत आहे. ठराविक काळापुरती आपल्या गमनागमनाची मर्यादा स्वेच्छेने आखून घेणे, हे त्याचे स्वरूप. सक्तीने घरी थांबणे म्हणजे व्रत नव्हे, कारण त्यात संकल्प नाही. परंतु सक्तीने जे शिकवले, ते संकल्पाने जपता येते.

दुकान पुन्हा उघडले तेव्हा त्या व्यापाऱ्याने एक नियम घेतला. आठवड्यातील एक दुपार घरी काढायची आणि मातोश्रींसमवेत सामायिक करायचे. दोन वर्षांनी मातोश्री निवर्तल्या. लग्नसराईत बुडालेली विक्री पुढील हंगामांत थोडीफार भरून निघाली. त्या दुपारी मात्र कोणत्याही हंगामात मिळाल्या नसत्या. आजही त्या ठरलेल्या दुपारी ते गल्ल्यावर मुलास बसवून घरी जातात. शेजारी आता नातू बसतो.

उपस्थित बंधूंनी आज घरी गेल्यावर एवढेच पाहावे, की आपण दुपारी दारात दिसलो, तर घरची माणसे काय विचारतील?

जय जिनेंद्र!