वजनकाट्याला न दिसणारी झीज

साठी ओलांडलेल्या स्थूल स्त्रीच्या शरीरात चरबीची वाढ आणि स्नायूंची झीज अनेकदा बरोबरच चालू असते. वजनकाटा दोहोंची बेरीज दाखवतो, म्हणून झीज लपून राहते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते, चरबी पोटाकडे सरकते आणि स्नायूंच्या तंतूंमध्येही शिरते. पोटातील चरबीमुळे शरीरात सतत सौम्य दाह राहतो आणि खाल्लेल्या प्रथिनांतून नवा स्नायू घडण्याचे काम मंदावते. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, एसटीची पायरी उंच वाटू लागते, आणि एखाद्या सकाळी मोरीत पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. अशा बाईला घरचे आणि दारचे ‘तब्येतीने चांगली’ म्हणत आलेले असतात.

वयपरत्वे होणाऱ्या या झिजेला अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये सार्कोपेनिया हे नाव दिले. तिला स्थूलतेची जोड मिळाली असता निदान कसे करावे, यावर युरोपातील पोषण आणि स्थूलता या विषयांच्या दोन संस्थांचे २०२२ मध्ये एकमत झाले. भारतीय शरीराचा वेगळेपणा मात्र पुण्यात त्याआधीच नोंदला गेला होता. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मोजमापे मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याकडची नवजात बाळे इंग्लंडमधील बाळांहून वजनाने कमी भरतात. तरी त्यांची चरबी बरीचशी टिकलेली आणि स्नायू कमी असतात, हेही याज्ञिकांच्या गटाने दाखवले. म्हणजे इथल्या अनेक स्त्रियांची स्नायूंची शिल्लक जन्मापासूनच तुटपुंजी असते आणि उतारवयात त्यातूनच खर्च होतो.

पडघ्यात या विषयावर परिषद भरण्याचे औचित्य इथेच आहे. मुंबई-नाशिक महामार्गालगतच्या या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. लावणी, कापणी, झोडणी, डोक्यावरचे हंडे यांतून आजच्या आज्या तरुणपणी गेल्या. ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणू नये. पण स्नायूंवरचा भार गेला आणि त्याच्या जागी दुसरे काहीच आले नाही, हे खरे आहे. घराघरांत जाणाऱ्या आशाताई आणि अंगणवाडी सेविका, परिचारिका, डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ आणि मुख्य म्हणजे गावोगावच्या ज्येष्ठ भगिनी यांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करीत आहे.

निदानाला महागडे यंत्र नसले तरी सुरुवात अडत नाही. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार स्त्रीच्या हाताची पकड १८ किलोपेक्षा कमी भरणे किंवा खुर्चीतून पाच वेळा उठण्या-बसण्याला १२ सेकंद वा अधिक लागणे ही धोक्याची खूण आहे. त्याच निकषांत पोटरीचा घेर ३३ सेंटीमीटरहून कमी असणे हीही खूण आहे. स्थूल बाईच्या बाबतीत ती फसवते, कारण चरबीमुळे पोटरी जाडच दिसते. तेव्हा खुर्ची आणि घड्याळ यांवर अधिक भरवसा ठेवावा.

उपायांत पहिला मान स्नायूंवर भार टाकणाऱ्या व्यायामाचा. अमेरिकेत ६५ वर्षांवरील १६० स्थूल व्यक्तींवर झालेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आटोक्यात ठेवून वजन उतरवताना केवळ चालण्यासारखा व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वस्तुमान पाच टक्के घटले, भाराचा व्यायाम करणाऱ्यांचे दोन टक्के. दोन्ही व्यायाम करणाऱ्यांचे तीन टक्के घटले, पण त्यांची शारीरिक कार्यक्षमता सर्वाधिक, २१ टक्क्यांनी, सुधारली. नुसता उपवास करून किंवा एक वेळचे जेवण सोडून वजन उतरवणे म्हणूनच या वयात घातक आहे. घरकाम हाच व्यायाम, हा समजही सोडावा लागेल. घरकामातला भार वाढत नाही, आणि भार वाढल्याशिवाय स्नायू वाढत नाही. खुर्चीतून उठबस, भिंतीला हात टेकून अंग ढकलणे, टाचा उचलणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, रबरी पट्टा ताणणे हे आठवड्यातून दोन-तीन दिवस, एक दिवसाआड करावे. सोपे वाटू लागले की वजन किंवा आवर्तने वाढवावीत. श्वास रोखू नये. गुडघे दुखत असतील तर उंच खुर्चीपासून सुरुवात करावी.

पूरक आहाराचा क्रम त्यानंतर. बोस्टनमध्ये सरासरी ८७ वर्षे वयाच्या शंभर वृद्धांवरील १९९४ च्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या व्यायामाने ताकद दुपटीहून अधिक झाली. व्यायामाविना दिलेल्या पूरक पेयाने अशक्तपणा हटला नाही. जपानमध्ये सत्तरीपुढच्या, स्नायू झिजलेल्या १३९ स्थूल स्त्रियांवरील २०१६ च्या अभ्यासात तीन महिने व्यायाम, अमिनो आम्ले आणि चहातील कॅटेचिन यांचा परिणाम तपासला गेला. चरबी आणि हालचालींच्या काही मापांत फायदा दिसला, पण स्नायूंचे वस्तुमान वाढल्याचे दिसले नाही. प्रथिनांच्या पावडरीचा डबा विकत घेणाऱ्या लेकी-सुनांना हे स्पष्ट सांगायला हवे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनीही स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळावी असाच सल्ला दिला आहे. क्रिएटिन या पूरकाचा भाराच्या व्यायामासोबत थोडा लाभ दिसतो. व्यायामाविना ते घेण्यात अर्थ नाही.

ज्येष्ठांसाठी तज्ज्ञ दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम. ती तिन्ही जेवणांत वाटलेली बरी. वाल, मूग, चवळीसारख्या सुक्या कडधान्यांत शंभर ग्रॅमला वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, एका अंड्यात सुमारे सहा. सुक्या बोंबलात ती भरपूर असतात. रक्तदाब असेल तर त्यातल्या मिठाकडे लक्ष ठेवावे. ताटात भात कमी आणि बिरडे जास्त, एवढा बदल या भागातल्या स्वयंपाकघरात सहज होण्यासारखा आहे.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी अनेकजणी आपल्या मनाने घेत राहतात. झुरिचमध्ये पूर्वी पडलेल्या सत्तरीपुढच्या दोनशे जणांवर २०१६ चा अभ्यास झाला. दरमहा ६०,००० युनिट घेणाऱ्यांत २४,००० घेणाऱ्यांपेक्षा पडण्याचे प्रमाण अधिक आढळले. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्यापूर्वी क्रिएटिनिन तपासावे. मधुमेह, हृदयविकार किंवा अलीकडचे हाडमोडीचे दुखणे असेल तर व्यायामाआधीही तपासणी करून घ्यावी. बारा आठवड्यांनी खुर्चीची तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि वजनाशेजारी तिचे सेकंदही नोंदवावेत.