ढोल, गिटार आणि बंद दार



बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत माझा धाकटा मुलगा दोनदा मागे पडला आणि घरात असूनही घरातून नाहीसा झाला. खोलीचं दार बंद, कानाला हेडफोन आणि त्यातून बाहेर झिरपणारा धडधडाट. मी अभंग आणि गझल ऐकत वाढलेला माणूस. एकदा चिडून म्हणालो, "हा काय गोंगाट लावलायस?" त्यानं हेडफोन माझ्याकडे सरकवला. "अब्बा, आधी शब्द तर ऐका."

ते गाणं होतं 'जी वीरे'. नैराश्यानं ग्रासलेल्याला 'तू लढू शकतोस' असा धीर देणारं. ते गाणारा 'ब्लडीवूड' हा दिल्लीचा बँड. करण कटियार आणि जयंत भदुला यांनी २०१६च्या सुमारास तो सुरू केला. रॅप करणारा राऊल कर पुढे त्यांच्यात आला. २०१९ साली जर्मनीतल्या वाकेनच्या मोठ्या मेटल महोत्सवात ही मुलं वाजवून आली. फेब्रुवारी २०२२मध्ये त्यांचा 'रक्षक' हा दहा गाण्यांचा अल्बम आला. 'जी वीरे' त्यातलंच.

मेटल म्हणजे कर्कश गिटार आणि पोटातून काढलेला घोगरा आवाज. त्यात यांनी ढोल आणि बासरी मिसळली. भाषा हिंदी, पंजाबी आणि इंग्रजी. विषय मात्र आपल्या रोजच्या वर्तमानपत्रातले. 'गद्दार' हे गाणं धर्माच्या नावावर माणसं तोडणाऱ्या राजकारणावर संतापतं. 'एन्ड्युरंट' शाळेतल्या छळाबद्दल बोलतं. 'याद' आहे माणूस आणि त्याचा कुत्रा यांच्या मायेचं. त्या गाण्याच्या निमित्तानं बँडनं भटक्या प्राण्यांसाठी रुग्णवाहिका दिली, तर 'जी वीरे'बरोबर काही जणांसाठी मोफत समुपदेशनाची सोय केली. गाऊन मोकळे झाले नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

सगळंच पटलं असं नाही. 'दाना दन' हे गाणं लैंगिक अत्याचाराविरुद्ध मूठ उगारतं. तो संताप मला कळतो. पण बुक्की मारून न्याय होत नाही, असं मी मुलाला म्हणालो. तो वाद घालू लागला. कित्येक महिन्यांनी आम्ही बाप-लेक अर्धा तास बोललो!

बोलता बोलता मला अमर शेख आठवले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. गिरणगावात, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांच्या पहाडी आवाजानं माणसं उभी राहत. अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांसह त्यांच्या कलापथकानं लोकांचीच वाद्यं, लोकांच्याच चाली घेतल्या आणि लोकांचं दुःख चव्हाट्यावर मांडलं. त्या डफालाही कुणीतरी गोंगाट म्हटलंच असेल. दिल्लीच्या या मुलांनी शाहिरी ऐकली असेलच असं नाही. पण ज्याचं कुणी ऐकत नाही त्याला आवाज चढवावा लागतो, हे दोघांनाही कळलं होतं.

गाण्यानं माझा मुलगा बरा झाला, असं मी सांगणार नाही. त्यासाठी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, आजही जातो. पण 'मला मदत हवी आहे' हे वाक्य तो त्या गाण्यानंतर बोलला. माझ्या एवढ्या कवितांनी ते त्याच्याकडून वदवलं नव्हतं.

दार अजूनही कधीकधी बंद असतं. आता मी ओरडत नाही. टकटक करतो आणि विचारतो, "काय ऐकतोयस रे? मलाही ऐकव."