करडई, सरकी आणि घरची फोडणी
(परभणी जिल्हा बैठकीतील भाषण)



आज कापसाच्या भावाचे बोलणे घटकाभर बाजूला ठेवून फोडणीचे बोलणार आहोत. घाबरू नका, शेवटी भावावरच येऊ.

आपल्याकडे रब्बी ज्वारीभोवती करडईच्या ओळी असत. काट्यामुळे गुरे आत शिरत नसत, वर्षाचे तेल गावच्या घाण्यावरून येई आणि पेंड गोठ्यात जाई. आता तेल येते ते पिशवीतून. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक परदेशातून येते, त्यात सर्वांत मोठा वाटा पामतेलाचा. कापूस पिकवायचा, सरकी बाजारात घालायची आणि तेलाची पिशवी उधारीवर आणायची, असा आपला संसार!

तेल म्हणून सगळी तेले सारखी नसतात. प्रत्येकात मेदाम्ले असतात आणि त्यांचे प्रमाण वेगळे असते. पामतेलात जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त, म्हणजे थंडीत थिजणारी. सरकीच्या तेलात संपृक्त साधारण चौथा हिस्सा, तर लिनोलिक आम्ल निम्म्याच्या आसपास. करडईत लिनोलिक १०० भागांत ७० ते ७५ आणि संपृक्त दहाच्या आतबाहेर. शेंगदाण्यात ओलिक जास्त. जवसात निम्मे किंवा त्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक, जे आपल्या इतर तेलांत नावालाच असते.

यातली दोन आम्ले, लिनोलिक आणि अल्फा-लिनोलेनिक, शरीराला स्वतः बनवता येत नाहीत. ती ताटातूनच मिळावी लागतात. आणि जे ताटात, तेच रक्तात. घरचे तेल बदलले की काही आठवड्यांत रक्तातल्या लिनोलिकचे प्रमाण बदललेले दिसते. संपृक्ताच्या जागी लिनोलिक आले की रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल उतरते, हे पुष्कळ वेळा तपासून झाले आहे.

एवढे ऐकून आम्हीही सभांतून करडई म्हणजे हृदयाचे औषध असे ठोकून सांगत होतो. ते बोलणे आता आवरले पाहिजे. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना संपृक्ताऐवजी करडईचे तेल आणि करडईपासून केलेले मार्गारिन दिले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मरणारे त्यांच्यातच जास्त निघाले: १०० मागे सुमारे १८, दुसऱ्या गटात १२. जुने कागद नव्याने तपासून हा हिशेब २०१३ साली छापला गेला. त्या मार्गारिनमध्ये घातक ट्रान्स मेदही असावेत, अशी शंका काही जाणकार घेतात. उलट २०१९ साली १३ देशांतल्या ३० पाहण्यांचा एकत्र हिशेब निघाला. त्यात ज्यांच्या रक्तात किंवा चरबीत लिनोलिक जास्त, त्यांच्यात हृदयविकाराने मरणारे कमी आढळले. पाहणी म्हणजे प्रयोग नव्हे, हेही ध्यानात ठेवा.

मग आम्ही काय समजायचे? करडई चांगली, पण ती औषध नव्हे, आणि वर्षभर एकच तेल धरून बसण्यात शहाणपण नाही. करडई आणि शेंगदाणा आलटून पालटून वापरा. भाकरीबरोबर जवसाची चटणी रोज असू द्या; जवसाचे तेल मात्र तळणाला नको, ते तापले की लवकर बिघडते. करडईचे तेलही एकदा तळून उरले तर पुन्हा पुन्हा कढईत घालू नका. वनस्पती तुपातले ट्रान्स मेद वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले उतरवतात. त्यावर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ मध्ये आली, म्हणजे डालडा बाजारात आल्याला ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर.

आता सरकीविषयी एक गोष्ट मायबहिणींनी नीट ऐकावी. सरकी गाळून निघालेले कच्चे तेल फोडणीला घालू नये. त्यात गॉसिपॉल नावाचे विष असते. चीनमध्ये कच्चे सरकीचे तेल खाणाऱ्या गावांत पाळणे हलेनासे झाले, तेव्हा त्याचा छडा लागला. कारखान्यात शुद्ध केलेल्या तेलातून ते काढलेले असते. त्या तेलाला आमचा आक्षेप नाही.

आता भावाचे. करडई मागे पडली ती काट्यामुळे आणि काढणीच्या मजुरीमुळे, असे सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे. आपल्याच परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ दिली, बिनकाट्याचे वाणही दिले. तरी पेरा घटतच गेला, कारण तेलाचा भाव शेतात ठरत नाही, बंदरात ठरतो. १९९४ साली पामोलिनची आयात खुली झाली. खुल्या बाजाराला आमचा विरोध नव्हता आणि नाही. विरोध आहे तो दाराच्या उघडझापीला. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे आयातशुल्क, उपकर धरून, ५.५ वरून २७.५ टक्के केले. शेतकऱ्याने हिशेब मांडायला घेतला, तोच मे २०२५ च्या अखेरीस, खरिपाच्या पेरणीच्या तोंडावर, ते १६.५ वर आणले. एवढ्या अवधीत पेरून, काढून, विकून कोण मोकळा होतो?

तेव्हा या जिल्ह्याच्या बैठकीपुढे आमची मागणी एकच आहे: शुल्क जे ठेवायचे ते पेरणीआधी जाहीर करा आणि माल बाजारात येऊन विकला जाईपर्यंत त्याला हात लावू नका. ठरावाचा कागद फिरतो आहे. आणि घरापुरत्या करडईच्या चार ओळी ज्यांना यंदा ज्वारीभोवती टाकायच्या आहेत, त्यांनी बियाण्यासाठी आपले नाव त्याच कागदाच्या पाठीमागे लिहावे.