लोकलच्या दारातील मृत्यू
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



९ जून २०२५ रोजी सकाळी, गर्दीच्या वेळी, मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल गाड्या एकमेकींच्या शेजारून जात असता दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले. त्या दिवशी चौघे दगावले. नंतरच्या चर्चेत पाठीवरच्या पिशव्या होत्या, रुळांचे वळण होते आणि नेहमीप्रमाणे प्रवाशांचा निष्काळजीपणा होता. हे प्रवासी मुळात दारात का होते, हा प्रश्न ओझरताच विचारला गेला.

काही तरुण दारात हुल्लडबाजी करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु सकाळच्या गाडीतून कल्याण-डोंबिवलीहून निघालेला कारकून किंवा विरारहून निघालेली परिचारिका हौसेने दारात उभी राहत नाही. गर्दीच्या वेळी डब्यात चौरस मीटरमागे चौदा ते सोळा माणसे असतात. रेल्वेच्या तंत्रज्ञांनी या अवस्थेला स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले आहे. नाव मिळाले की अपवादाची रीत होते.

२०२३ या एका वर्षात मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अडीच हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दिवसाला सात. ती एकत्र मेली असती तर देश हादरला असता. ती एकेकटी, निरनिराळ्या स्थानकांवर मरतात. रुळांवर मेलेल्यांची रेल्वे अपघातांत गणनाच होत नाही, याकडे डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ मध्ये बोट ठेवले. त्या वेळी असे मृत्यू देशभरात वर्षाला सुमारे १५ हजार आणि त्यांपैकी ६ हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर होत असल्याचा तिचा अंदाज होता. समितीने यासाठी हत्याकांड हाच शब्द वापरला. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार रूळ ओलांडणे हा गुन्हा असल्याने, मेलेला माणूस दप्तरात आरोपी ठरतो. जिथे पुलाचा जिना अरुंद आणि दूर आहे, तिथे हा गुन्हा नेमका कोणाचा, याची नोंद करण्यासाठी दप्तरात रकाना नाही.

आता या गर्दीचे अर्थशास्त्र पाहावे. परळ, लोअर परळ, एल्फिन्स्टन रोड ही गिरणगावची स्थानके होती. कामगार चाळीत राहत आणि भोंगा ऐकून पायी गिरणीत जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, १९९१ च्या आणि विशेषतः २००१ च्या विकास नियमावलीने त्यांच्या जमिनी बांधकामास मोकळ्या झाल्या, आणि तिथे कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. त्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना त्या परिसरात घर परवडत नाही. ते लोकलने येतात. जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून ज्यांनी नफा कमावला, त्यांच्याकडून स्थानकाच्या जिन्यासाठी किती वसूल झाले? जुना पूल तसाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोडच्या त्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे गेली. तेथे नव्या पुलाला आधीच मंजुरी मिळालेली होती. दुर्घटनेनंतर लष्कराने पाच महिन्यांच्या आत तिथे पूल उभा केला. म्हणजे पोलाद, पैसा, कौशल्य यांपैकी कशाचीच वाण नव्हती. ठाणे ते दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेचेही तेच: मंजुरी २००८ ची, वाहतूक फेब्रुवारी २०२२ पासून.

दारे बंद करा, असे सांगणारे पुष्कळ आहेत. २५ डिसेंबर २०१७ पासून बंद दारांची वातानुकूलित लोकल धावते आहेच. मे २०२२ मध्ये तिचे एकेरी तिकीट निम्म्याने उतरले, तरी ते साध्या दुसऱ्या वर्गाच्या कित्येक पट आहे. सुरक्षितता ही अशी जादा भाडे देऊन विकत घेण्याची वस्तू होता कामा नये. १९७७ ते १९७९ या काळात मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोम आला. त्यामागची दृष्टी हीच होती. मुंब्र्याच्या घटनेनंतर रेल्वेने बिगर-वातानुकूलित गाड्यांसाठीही आपोआप बंद होणारी दारे जाहीर केली: दारांना झडपा, छतावर बाहेरची हवा आत घेणारी यंत्रे, डब्यांमधून जोडमार्ग. हे स्वागतार्ह आहे. पण दार बंद झाले की जो बाहेर लोंबकळत होता तो फलाटावर राहणार. त्याच्यासाठी पुढची गाडी लवकर यायला हवी; त्याकरिता सुधारलेली सिग्नल यंत्रणा, जादा मार्गिका आणि जादा गाड्या हव्यात. त्यांवाचून बंद दारे म्हणजे मृत्यूची जागा रुळांवरून फलाटावर हलवणे होय.

कार्यकर्त्यांच्या हाती एक काम लगेच घेण्याजोगे आहे. दारात उभा असलेला प्रवासी निष्काळजी असेल, पण म्हणून गुन्हेगार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटले. निष्काळजीपणाच्या सबबीवर भरपाई नाकारता येत नाही आणि मृताजवळ तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, हे २०१८ मध्ये स्पष्ट झाले. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी आठ लाख रुपयांची तरतूद आहे. रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज एका वर्षाच्या आत करावा लागतो, आणि पुष्कळ कुटुंबांना हे ठाऊकच नसते. प्रत्येक स्थानकानजीकच्या शाखेने लोहमार्ग पोलिसांकडील नोंदी पाहाव्यात, घरी जावे, पासाची झेरॉक्स आणि पंचनाम्याची प्रत मिळवून द्यावी. त्याच वहीत मृत्यूची जागा लिहावी: कोणता फलाट, कोणता पूल, किती वाजता. वर्षभराने ती वही घेऊन विभागीय रेल्वे व्यवस्थापकांना भेटावे.