मी पाहिलेले अभयारण्य
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. बोलण्याची सवय नाही. काही चुकलेमाकले तर सांभाळून घ्या. ‘परदेशी काय पाहिलेत ते सांगा’ असा आपला आग्रह, म्हणून उभी राहिले.

माझा थोरला मुलगा अमेरिकेत, मिसिसिपी राज्यातल्या स्टार्कव्हिल गावी शिकतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो होतो. गावाच्या दक्षिणेला नॉक्सुबीचे अभयारण्य आहे, सुमारे ४८,००० एकरांचे. एके काळी तिथे शेते होती. जमिनीचा कस गेला, माती वाहून गेली. सरकारने ती जमीन घेतली आणि १९४० साली तिथे अभयारण्य केले. आज तिथे तळी आहेत, दलदल आहे आणि पाइनचे उंच जंगल आहे. पाइन म्हणजे आपल्या हिमालयातल्या चिडाचा भाऊबंद.

तळ्यावर बगळे, रानबदके पाहिली. पण माझे मन गुंतले ते एका लहानशा सुतारपक्ष्यात. इतर सुतारपक्षी बहुधा वठलेले लाकूड कोरतात. हा जिवंत पाइन कोरतो. त्याला निदान साठ-सत्तर वर्षांचे म्हातारे झाड लागते. एक ढोली पुरी व्हायला कित्येक वर्षे जातात. भोवती टोचे मारून तो राळ वाहती ठेवतो, म्हणजे साप वर चढत नाही. जुनी झाडे तुटली आणि हा बेघर झाला. १९७० साली त्याचे नाव नामशेष होऊ घातलेल्यांच्या यादीत गेले. मग माणसांनी म्हातारी झाडे राखली, खोडांत लाकडी पेट्या बसवल्या. खाली झुडपे माजू नयेत म्हणून ठरवून आग लावतात. काळवंडलेली खोडे पाहून मला आधी वाईट वाटले. मग माहेरी भातासाठी राब भाजतात ते आठवले. २०२४ साली या पक्ष्यावरचे संकट एक पायरी उतरल्याचे तिथल्या सरकारने जाहीर केले.

मुलाने आणखी एक गंमत सांगितली. या पक्ष्यांत लेकी बहुधा दूर उडून जातात; थोरले मुलगे मात्र पुष्कळदा आईबापांजवळ राहून धाकट्यांना भरवतात. मी म्हटले, “बघ रे, शीक जरा त्याच्याकडून!” तो हसला आणि गप्प झाला. परतायचे की नाही, हे त्याचे अजून ठरलेले नाही. मीही पुढे विचारले नाही.

आपल्या देवळामागचा जुना आंबा रस्त्यासाठी पाडायचे बोलणे निघाले आहे. त्याच्या ढोलीत पोपट आहेत. पाडायला एक दुपार पुरेल. आपण साऱ्याजणी मिळून एकदा विचारायला जाऊ या. उडून गेलेले कधी परततील ते आपल्या हाती नाही. घर तरी जागेवर असावे.